डॅग्नीचा उपास

हॉगन दांपत्याच्या घरात कार्बोरेटर दिवाणखान्यात राहत असे. यात सोल्वेबाईंचा काही दोष नव्हता. त्यांचे मोटारघर, म्हणजे डॅग्नी, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी बांधले त्यांनी तिचे इंजिन पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध, गालिचा चढवलेल्या एका पेटाऱ्याखाली बसवले होते, आणि ते बसवताना एखाद्या गृहिणीचे मत घ्यावे असे त्यांना सुचलेले दिसत नव्हते. पेटारा उचलला की समोर थेट कार्बोरेटर. तेव्हा ज्याला त्याच्यावर काही उपचार करायचे असतील त्याने पाय पुसून आत यावे, टोपी काढावी, तेलकट हात कशालाही लावू नये आणि कॉफी पुढे आली तर ती नाकारू नये, असा बाईंचा दंडक होता. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात बाईंचे दंडक मोडणारा माणूस मिनेसोटाच्या उत्तर भागात जन्माला आलेला नव्हता.

त्या हेमंतात मात्र कार्बोरेटरवर केवळ पेट्रोलच नव्हे, तर सारा संसार अवलंबून होता. बाईंचे यजमान अर्विद यांनी मुलीला, कारिनला, फोनवर शब्द देऊन टाकला होता. दरवर्षीप्रमाणे हिवाळा काढायला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या मोटारघरांच्या तळावर जायचे. पण या खेपेला डॅग्नीने गॅलनला आठ मैलांचे अ‍ॅव्हरेज दिले नाही, तर तिला तिथेच विकून टाकायचे आणि कारिनच्या तळघरात राहायला जायचे. गिऱ्हाईकही तयार होते. एफ्राइन साल्सेडो नावाच्या गृहस्थाला डॅग्नीच्या कुशीला मोठी खिडकी कापून तिच्यातून टाको विकायचे होते.

"तळघर बटाट्यांसाठी असतं, अर्विद," बाई म्हणाल्या होत्या.

"तिनं रंग दिलाय त्याला. पिवळा."

"पिवळ्या तळघरातही बटाटेच राहतात."

अर्विदचे तोंड उतरले. डॅग्नी जावी असे त्यांनाही वाटत नव्हते. त्यांनी चालकाच्या समोर एक व्हॅक्यूमची तबकडी बसवून घेतली, इंजिन किती जोराने श्वास ओढते आहे ते दाखवणारी. काटा वर राहिला तर पेट्रोल वाचते आणि खाली पडला तर उडते. त्या दिवसापासून अर्विद रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे अधिक पाहू लागले, आणि रस्त्याकडे पाहण्याचे काम आपोआप बाईंकडे आले.

आता या प्रवासाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती अर्विदना ठाऊक नव्हती.

मागच्या खोलीत, पलंगाच्या खाली, एक लहान फ्रीझर होता, आणि त्या फ्रीझरमध्ये क्नूट नावाचा एक बर्फाचा बाहुला बसला होता. उंची गुडघ्याएवढी, डोळे मनुकांचे, नाक गाजराचे, गळ्यात लाल लोकरीची पट्टी. बाईंनी तो स्वतःच्या हाताने, कारिनच्या परसात, पहिला चांगला बर्फ पडला त्या दिवशी केला होता. गेल्या मार्चमध्ये तळावरच्या गुरुवारच्या पंगतीत आयोवाच्या व्हर्ना क्राउझेने भर टेबलावर म्हटले होते, "मिनेसोटाची माणसं थंडीबद्दल बोलतात फार, पण पुरावा म्हणून कोणी कधी काही आणलेलं मी पाहिलं नाही." टेबलाच्या शेंड्याची मानाची खुर्ची कोणाची, हा वाद दोघींत आधीपासून होताच. सोल्वेबाईंनी हातातला वाडगा खाली ठेवला आणि सांगितले की पुरावा येईल. आणि तो आला की खुर्चीचा प्रश्न पुन्हा कोणी काढायचा नाही.

फ्रीझरबरोबर आलेल्या कागदावर लिहिले होते की झाकण उघडले नाही तर वीज नसतानाही आतली थंडी दिवसभर सहज टिकते. रात्री मुक्कामाला तळावरची वीज मिळतच असे. पण हा कागद लिहिणाऱ्याने क्नूटला पाहिलेले नव्हते. बाई कागदांच्या भरवशावर माणसे सोडत नसत. म्हणून रोज सकाळी गाडी निघाली की त्या मागच्या खोलीत जात, दार लावून घेत आणि डॅग्नीच्या बुडाशी, त्याच पलंगाच्या बरोबर खाली बसवलेला जुना जनरेटर सुरू करत. त्यावर फ्रीझर चाले. फ्रीझरला फार कष्ट पडू नयेत म्हणून खोलीचा वातानुकूलकही चाले. नोव्हेंबर महिन्यात. अर्विद गाडी चालवताना कानातली यंत्रे काढून खिशात ठेवत, कारण मांडीशेजारी आठ सिलिंडरांचे इंजिन गरजत असताना ऐकण्यासारखे दुसरे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जनरेटर त्याच टाकीतून पेट्रोल घेतो हे बाईंना माहीत होते. पण घेऊन घेऊन घेणार किती? चिमणी चोच बुडवते तेवढे.

आयोवात क्राउझे पतिपत्नी येऊन मिळाली आणि तेथून दोन्ही घरे एकामागे एक धावू लागली. पुढे डॅग्नी, मागे क्राउझेंचे नवे कोरे मोटारघर. व्हर्नाचा नवरा डेल्बर्ट हा निवृत्त दंतवैद्य. त्याच्या नव्या गाडीत सारे संगणकावर चालत असल्यामुळे त्याला उघडून पाहण्याजोगे काही उरलेच नव्हते. कॅन्ससच्या मुक्कामी अर्विदने हिशेब करून सांगितले की डॅग्नीने सात दिले, जेमतेम सात. आणि डेल्बर्टच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेली टवटवी आली. तो गाडीत गेला आणि आपली चामड्याची पेटी घेऊन डॅग्नीच्या दारात उभा राहिला.

"मिसेस हॉगन, आत येऊ का?"

"पाय."

"पुसले."

"टोपी."

"ही काढली."

"मग या. त्या निळ्या खुर्चीला हात लावू नका. तिच्यावर माझ्या सासूबाई बसायच्या."

डेल्बर्टने पेटारा उचलला, एअर फिल्टरचे झाकण काढले, ते कोठे ठेवावे म्हणून चहूकडे पाहिले, बाईंच्या नजरेला नजर मिळताच स्वतःच्या मांडीवर ठेवले, आणि डोक्याला दिवा बांधून कार्बोरेटरच्या घशात लहानसा आरसा घातला.

"कधीपासून त्रास आहे?" त्याने अर्विदला विचारले.

"निघाल्यापासून."

"थंड हवेत जास्त की गरम?"

"गरम हवेत. जसजसं दक्षिणेला येतोय तसतसं वाढतंय."

"हं," डेल्बर्ट म्हणाला. "पुष्कळ कीट साचलंय. इथे कोणीतरी वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलंय." मग त्याने कार्बोरेटरला अगदी हळुवारपणे सांगितले, "अजून थोडं उघडा."

अर्विदने पायाने पेडल दाबले. कार्बोरेटर उघडला.

व्हर्ना दारात कॉफीचा पेला घेऊन उभी होती. "करू दे गं त्याला, सोल्वे," ती म्हणाली. "दवाखाना बंद केल्यापासून त्यानं कोणाच्या तोंडात हात घातला नाहीये. माझ्या सोडून. बरं, पुराव्याचं काय झालं? आणणार होतीस ना?"

"वेळ आली की दिसेल."

"बर्फ आयोवातही पडतो हं. आम्ही फक्त त्याचा गाजावाजा करत नाही."

"गाजावाजा करण्यासारखा पडत नसेल," बाई म्हणाल्या आणि पेल्यात आणखी कॉफी ओतली.

डेल्बर्टने हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचे दोन स्क्रू थोडे आत घेतले, थोडे बाहेर घेतले, दात खरवडायच्या हत्याराने भोके साफ केली. इंजिन असे सुरेख चालू लागले की तबकडीचा काटा चर्चमधल्या पाद्र्यासारखा स्थिर उभा राहिला. अर्विदच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिशेब केला. सात. किंबहुना सातालाही किंचित कमी.

"उभी असताना निरोगी आणि चालताना आजारी," डेल्बर्ट अचंब्याने म्हणाला. "असा रुग्ण मी पाहिला नाही."

ओक्लाहोमात त्याने जेट बदलले. जेट म्हणजे ज्या भोकातून पेट्रोल येते ते पितळेचे बोंड. भोक जितके बारीक तितकी उधळपट्टी कमी. त्याने बारीक लावले. तेही पुरेना म्हणून आणखी बारीक लावले. मग बाई लेफ्सेवर, म्हणजे नॉर्वेकडच्या बटाट्याच्या पोळीवर, लोणी लावत असताना, डेल्बर्ट आरसा घेऊन वाकलेला असताना आणि अर्विद पेडल दाबत असताना, उपाशी ठेवलेला कार्बोरेटर एकदा खोकला. दिवाणखान्यात हातभर निळी ज्वाळा उठली आणि विझली.

बाईंनी लोण्याची सुरी खाली ठेवली.

"डेल्बर्ट," बाई म्हणाल्या, "तुमच्या भुवया कुठे गेल्या?"

डेल्बर्टने कपाळ चाचपले. "परत येतील," तो शांतपणे म्हणाला. "अर्विद, फार बारीक झालं. एक पायरी मागे घेऊ."

व्हर्ना आपल्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "काही म्हणा, तरुण दिसतोय," ती म्हणाली.

पुढचे सारे घडले ते टेक्सासमध्ये एका पेट्रोलपंपवाल्याच्या लोभामुळे. अर्विदने आपल्या काठीने टाकी मोजली तेव्हा ती जेमतेम पाव उरली होती. पंपावरचा भाव वाचून त्यांना इतका संताप आला की पुढच्या गावापर्यंत पुरेल इतकेच पेट्रोल पेलाभर तोलून घेतल्यासारखे घेतले आणि निघाले. पुढच्या गावी पुन्हा काठी घातली, हिशेब केला, पुन्हा केला, आणि मग ते गाडीतून उतरून डेल्बर्टकडे पळत गेले. अर्विद कारिनच्या जन्मानंतर कधी पळालेले नव्हते.

"आठ! आठाच्याही वर!"

"कशामुळे?"

"काही केलं नाही! टाकी रिकामी होती एवढंच!"

डेल्बर्ट भुवया नसलेल्या कपाळाला आठ्या घालून विचारात पडला. मग त्याने बोट वर केले. "भरल्या पोटी माणूस सुस्तावतो की नाही? इंजिनाचं काय वेगळं असणार? वरून वजन, टाकीतला दाब... तिला जड अन्न सोसत नाही, अर्विद. हिला थोडं थोडं दिलं पाहिजे. पाव टाकीच्या वर कधी जायचं नाही."

"उपास!" अर्विद म्हणाले.

"उपास," डेल्बर्टने निदान मान्य केले.

सोल्वेबाई तेव्हा मागच्या खोलीत उभ्या होत्या. खोलीत शांतता होती. वातानुकूलक गप्प होता, फ्रीझरची घरघर थांबली होती. त्यांनी जनरेटरचे बटण दाबले. तो जरासा कण्हला आणि बंद पडला. तेव्हा त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. गाडी नवी घेतली तेव्हा अर्विदनेच मोठ्या कौतुकाने सांगितली होती: गाडी बांधणाऱ्यांनी जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम उंचावर ठेवली आहे, टाकी पावावर आली की जनरेटरला पेट्रोल मिळत नाही, म्हणजे कोणी रात्रभर वातानुकूलक लावून झोपले तरी सकाळी घरी जाण्यापुरते इंजिनाला उरते.

बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. सारे लख्ख दिसले. कार्बोरेटरला कधी काही झालेच नव्हते. तो निघाल्या दिवसापासून ठणठणीत होता. त्याच्या घशात आरसे घातले, त्याची भोके खरवडली, त्याला उपाशी मारले, एका सज्जन दंतवैद्याच्या भुवया गेल्या. आणि साऱ्या प्रवासभर पेट्रोल पीत होती ती पलंगाखालची चिमणी. चिमणी कसली, गवा होता तो.

बाईंना आपली चूक सापडण्याची सवय नव्हती. ती सापडल्यावर काय करतात हेही त्यांना नीट माहीत नव्हते. त्यांनी पलंगावरची गोधडी सरळ केली आणि बाहेर आल्या.

तेथून न्यू मेक्सिको ओलांडेपर्यंत डॅग्नीचा उपास चालला. दर गावी थांबायचे, घोटभर पाजायचे आणि निघायचे. अर्विद गाणे म्हणू लागले. आठ, साडेआठ, आठ. डॅग्नी वाचत होती, आणि क्नूट दिवसभर अंधारात, विजेवाचून बसून होता. बाई झाकण उघडून पाहत नव्हत्या. उघडले आणि आत वाडगाभर पाणी, दोन मनुका व एक गाजर दिसले, तर त्या गुरुवारी व्हर्नाच्या उजव्या हाताला बसून जेवायचे कसे, हे त्यांना सुचत नव्हते. एकदा त्या म्हणाल्या, "अर्विद, आज टाकी भरून घे."

"छे! तिला सोसत नाही."

"मी सांगतेय."

"सोल्वे," अर्विद म्हणाले, आणि लग्नाला बावन्न वर्षे झाल्यावर प्रथमच त्यांनी ठाम आवाज काढला, "कार्बोरेटरचं तू मला सांगू नकोस."

बाई गप्प बसल्या. गप्प बसण्याखेरीज दुसरा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे खरे सांगणे.

अ‍ॅरिझोनातल्या उंचावरच्या एका गावी, पाइनच्या झाडांत, कारिनचा फोन आला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, पाव टाकीवर अ‍ॅव्हरेज कोण मोजतं? टाकी काठोकाठ भरा, तळापर्यंत जा, पुन्हा काठोकाठ भरा. तो आकडा खरा. साल्सेडो तळाच्या फाटकाशी येऊन थांबलाय. आठच्या खाली आलं तर चावी त्याला द्या. तुम्ही कबूल केलंय."

अर्विदचा चेहरा पांढरा पडला. डेल्बर्टही हळहळला. "इतक्या उपासानंतर एकदम भरपेट जेवण... मी रुग्णाला असं कधी सांगितलं नसतं." पण शब्द दिला होता. टाकी काठोकाठ भरली.

रस्त्याच्या कडेला झाडांखाली बर्फ पडलेला होता. व्हर्नाने तो बुटाच्या टोकाने उडवला. "बघ गं सोल्वे. इथेच आहे की. उगाच मिनेसोटाहून आणायचा."

बाईंनी त्या बर्फाकडे पाहिले. एक घमेले भरून मागच्या दाराने आत न्यायला कितीसा वेळ लागला असता? विचार मनात आला, आणि आला याचाच त्यांना इतका राग आला की त्या ताठ झाल्या. "हा बर्फ नव्हे," त्या म्हणाल्या. "हा गारठलेला पाऊस आहे."

डॅग्नी निघाली. समोर घाट उतरत थेट वाळवंटात जात होता. बाई नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतले. टाकी भरलेली होती. जनरेटर आता एका बोटासरशी सुरू झाला असता. खिडकीतून येणारी हवा दर मैलाला गरम होत होती. बोट बटणावर होते. गवा पाणवठ्याच्या कडेला उभा होता. एका बाजूला क्नूट होता, दिलेला शब्द होता, टेबलाच्या शेंड्याची खुर्ची होती. आणि दुसऱ्या बाजूला पिवळे तळघर.

त्यांनी बोट काढले. मग पलंगावरची गोधडी काढून फ्रीझरवर घातली, तिच्यावर दुसरी घातली, तिच्यावर अर्विदचा हिवाळी कोट, तिच्यावर सासूबाईंची शाल, आणि सगळ्यांवर त्या स्वतः बसल्या. सारा घाट त्या अशा बसून उतरल्या. अंड्यांवर कोंबडी बसते ती ऊब द्यायला. सोल्वे हॉगन बसल्या होत्या त्या ऊब अडवायला.

तळाच्या फाटकाशी एफ्राइन साल्सेडो उभा होता. त्याच्या हातात मोजपट्टी होती, आणि डॅग्नी थांबताच त्याने सभ्यपणे टोपी काढून तिच्या कुशीवर खडूने चौकोन आखायला सुरुवात केली. अर्विद फाटकाजवळच्या पंपावर टाकी भरत होते. डेल्बर्ट नळीला हात लावून डोळे मिटून उभा होता.

"नऊ," अर्विद म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "नऊ आणि वर काहीतरी!"

घाटाचा उतार कोणी हिशेबात धरला नाही. डेल्बर्टने टोपी हवेत उडवली. "तिला सवय लागली, अर्विद! उपासाची शिस्त लागली! आता पोटभर दिलं तरी ती खाणारच नाही!"

"म्हणजे विकणार नाही?" साल्सेडोने विचारले.

"खडू पुसा," सोल्वेबाई दारातून म्हणाल्या. "ओल्या फडक्यानं. आणि मग कॉफी घ्यायला या."

साल्सेडोने खडू पुसला.

गुरुवारची पंगत बसली तेव्हा बाईंनी दोन पुरुषांना हुकूम करून फ्रीझर बाहेर, तळावरच्या खडीवर आणवला. बाईंनी एप्रनला हात पुसले. झाकण उघडले. क्नूट होता तसा बसला होता. एक मनुका तेवढी घसरून त्याच्या गालावर आली होती. त्यामुळे तो व्हर्नाकडे डोळा मारत असल्यासारखा दिसत होता. कागद लिहिणाऱ्याने खरे लिहिले होते. जनरेटर एक दिवसही लावायची गरज नव्हती.

व्हर्नाने बोट लावले, जिभेला लावून पाहिले आणि म्हणाली, "बर्फ आहे."

"मिनेसोटाचा."

"मिनेसोटाचा," व्हर्नाने मान्य केले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं, पण हा टिकला कसा?" अर्विदनी भाबडेपणाने विचारले.

"झाकण बंद ठेवलं. कागदावर लिहिलंय तसं," बाई म्हणाल्या, आणि शेंड्याच्या खुर्चीत बसल्या.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डेल्बर्ट पाव टाकीचे शास्त्र समजावून सांगू लागला होता. चार-पाच म्हातारे माना डोलवत ऐकत होते. व्हर्ना कॉफी घेऊन बाईंच्या शेजारी आली आणि ओठ फारसे न हलवता म्हणाली, "आयोवापासून मी तुझ्या मागे होते, सोल्वे. तुझ्या घराला दोन धुराडी आहेत."

बाईंचा पेला हवेत थांबला.

"टेक्सासपर्यंत दोन्हींतून धूर येत होता. मग एकातूनच. डेल्बर्टला दिसलं नाही, तो एकाच धुराचा रंग बघत होता. पुरुषाचं असंच असतं, एका भोकात बघतो."

"कोणाला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? त्याच्याकडे बघ." डेल्बर्ट हातवारे करत होता, त्याच्या कपाळावर भुवयांची कोवळी लव आली होती. "एका आजोबांची तिरकी अक्कलदाढ त्यानं काढली होती, त्यानंतर इतका खूश मी त्याला पाहिला नाही. आणि तुझा अर्विद गाणं म्हणतोय. मी कशाला तोंड उघडू?" ती थांबली. "खुर्चीत एक गुरुवार तू, एक गुरुवार मी."

सोल्वेबाईंनी आयुष्यात कधी सौदा केला नव्हता. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण पहिला माझा."

इतक्यात अर्विद धावत आले. दुसऱ्यांदा धावले. "सोल्वे! डेल्बर्टला एक सुचलंय. तो जनरेटर. गेली कित्येक वर्षं आपण लावलाय तरी का? नुसतं ओझं! तो काढून टाकला तर अजून अर्धा मैल मिळेल. डेल्बर्ट म्हणतो, आत्ताच बघतो. त्याच्यावर तासांची चकती असते म्हणे, किती वापरलाय ते कळतं, म्हणजे चांगली किंमत येईल..."

बाई उठल्या. "नाही."

"का?"

"तुम्ही दोघं जेवा. मी बघते." त्यांनी एप्रनची गाठ आवळली. "माझ्या पलंगाखालची वस्तू आहे."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मी हिला मदत करते," व्हर्ना म्हणाली, आणि डेल्बर्टची चामड्याची पेटी उचलून बाईंच्या मागे चालू लागली.

क्नूटचे पाणी एव्हाना खडीवर पसरले होते आणि तळावरचे एक कुत्रे ते आदराने चाटत होते. त्याच्या पलीकडे, डॅग्नीच्या बुडाशी, दोन वृद्ध स्त्रिया गुडघ्यांवर बसल्या. व्हर्नाने जनरेटरचे दार उघडले, दंतवैद्याचा आरसा आत घातला आणि चकतीवरचा आकडा वाचून शिट्टी वाजवली.

"मागे फिरवता येईल का?" बाईंनी कुजबुजत विचारले.

"नाही. उपटावी लागेल."

"मग उपट."

पेटीत हातोडी होती. तिला अर्विदचा हातमोजा गुंडाळला, तरी आवाज झालाच. पंगतीवरून अर्विदनी हाक मारली, "काय झालं गं?"

"काही नाही!" सोल्वेबाई खडीवरून ठणकावून म्हणाल्या. "कार्बोरेटर खोकला!"

 टेबलावरून डेल्बर्टचा गंभीर आवाज आला, "गाडी बंद असताना? अर्विद, तिचा उपास जरा जास्तच झाला," आणि त्याने आरशासाठी खिसे चाचपायला सुरुवात केली.